तासाला वीस मिनिटं

भिलाईतल्या सुपेल्याच्या चौकात उभं राहिलं की आधी दिसतात ते कोचिंग क्लासचे फ्लेक्स. हसरे चेहरे, गळ्यात हार, खाली रँक. रविवारी बाजार भरतो तेव्हा कपड्यांचे ढीग आणि भाजीच्या पाट्या यांच्या डोक्यावर हेच चेहरे वाऱ्यावर फडफडत असतात. रुळांपलीकडची सेक्टरं कारखान्यानं वसवली; अलीकडचं सुपेला जी.ई. रोडच्या कडेनं आपलं आपणच वाढलं. दोन्हीकडच्या घरांत एक गोष्ट मात्र सारखी आहे: वर्ष परीक्षेवरून मोजलं जातं.

इथं मराठी घरं थोडीथोडकी नाहीत. १९५६ पर्यंत इथल्या दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. १९५५ मध्ये सोव्हिएत मदतीनं पोलाद कारखान्याचा करार झाला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि विदर्भातून माणसं कामाला येत राहिली. त्यांची नातवंडं आता हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात दहावी-बारावीला बसतात. अशा घरांतून गेल्या काही वर्षांत मला तीनदा एकच प्रश्न आला: ताई, लेखनिक कुठे मिळतो हो? एकदा मुलाच्या हातात जोर नव्हता, एकदा दृष्टी अधू होती, आणि एकदा सगळं धडधाकट असूनही पोराला लिहिणंच जमत नव्हतं. तिन्ही वेळा कायदा मुलाच्या बाजूनं होता आणि तिन्ही वेळा आई-बाप हात जोडूनच हिंडत होते. कायदा आणि हात जोडणं यांच्यामधलं हे अंतर कशानं पडतं, हे पाहण्यासाठी हा आढावा.

सुरुवात एका शब्दापासून करू. शाळेच्या फॉर्मवर, बोर्डाच्या सूचनांत आणि आपल्या बोलण्यातही 'सवलत' आणि 'जादा वेळ' हे शब्द असतात. सवलत म्हटलं की देणाऱ्याची मेहेरबानी आली, आणि जादा म्हटलं की दुसऱ्याच्या वाटणीचं काहीतरी घेतलं असं वाटतं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं २६ फेब्रुवारी २०१३ रोजी लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं की 'जादा' किंवा 'अतिरिक्त' वेळ हा शब्द सोडून 'भरपाईचा वेळ' म्हणावं. प्रमाणही ठरवलं: तासाला किमान वीस मिनिटं. तीन तासांच्या पेपरला एक तास. त्याआधी कुणी किती वेळ द्यायचा हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. त्या सूचनेला दहा वर्षं उलटून गेली. वीस मिनिटं बहुतेकांनी स्वीकारली. शब्द मात्र जुनाच राहिला, आणि शब्दाबरोबर वागणूकही.

आता कायद्याचा प्रवास थोडक्यात. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती. अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांनी लेखनिक पुरवावा, असं कलम त्यात होतं. पण लिहिता-वाचताना अक्षरांशी झगडणारं मूल त्या यादीत कुठेच बसत नव्हतं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि यादी एकवीसवर गेली. त्यात सेरेब्रल पाल्सीला स्वतंत्र जागा मिळाली, स्वमग्नता आली, विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. या कायद्याचं सतरावं कलम परीक्षापद्धतीत बदल करायला सांगतं: वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. २९ ऑगस्ट २०१८ रोजी नव्या सूचना आल्या. त्या चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी होत्या, आणि सगळी अडचण या चाळिसात होती.

टक्का हे मोजमाप आरक्षणासाठी सोयीचं असेल, पण लिहिणाऱ्या हाताला ते लागू पडत नाही. लिहायला घेतलं की बोटं आखडणाऱ्या माणसाचं अपंगत्व कागदावर सहा टक्के भरेल किंवा वीस. परीक्षेच्या त्या तीन तासांत त्याच्यासाठी ते शंभर टक्केच असतं. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात नेमका हाच प्रश्न होता. उमेदवाराला 'रायटर्स क्रॅम्प' होता. चाळीस टक्के भरत नाही म्हणून नागरी सेवा परीक्षेला लेखनिक नाकारला गेला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तो लिहिला: लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही. मंत्रालयानं तीन महिन्यांत नवे नियम करावेत, असंही सांगितलं. नियम आले १० ऑगस्ट २०२२ ला, म्हणजे दीड वर्षानं. त्यांतही चाळीस टक्क्यांखालच्या उमेदवारासाठी दाखल्याची वेगळी वाट होती: मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली अनेक तज्ज्ञांची समिती. पुढे गुलशन कुमार विरुद्ध आयबीपीएस या खटल्यात, ३ फेब्रुवारी २०२५ रोजी, न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या सोयी चाळीस टक्क्यांवरच्या आणि खालच्या अशा सर्वच दिव्यांग उमेदवारांना मिळाल्या पाहिजेत. एकच गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला चार वर्षांत दोनदा सांगावी लागते, यावरून खालच्या टेबलांवर ती किती पोहोचते याचा अंदाज यावा.

या दोन निकालांच्या मध्ये एक खटला मुंबईहून गेला. आपल्या वाचकांनी तो विशेष लक्षात ठेवावा. सप्टेंबर २०२१ च्या 'नीट'ला एक विद्यार्थिनी बसली होती. तिला डिसग्राफिया, म्हणजे लेखनाची अक्षमता. दाखला चाळीस टक्क्यांचा. तीन तासांच्या पेपरला चार तास मिळायला हवे होते. तीन तास होताच तिची उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २३ नोव्हेंबर २०२१ ला निकाल लागला. चूक परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेची, हे न्यायालयानं मान्य केलं; अन्यायाची दुरुस्ती कशी करणार ते आठवडाभरात ठरवा, असं यंत्रणेला सांगितलं; केंद्रावरच्या माणसांना नियमांचं प्रशिक्षण द्या, हेही बजावलं. पण फेरपरीक्षा मिळाली नाही. गेलेला तास परत आला नाही.

त्या मुलीकडे दाखला होता, कायदा होता, नियमात तास लिहिलेला होता. नव्हती ती फक्त वर्गावरच्या पर्यवेक्षकाला असलेली माहिती. दिल्लीत ठरलेली गोष्ट शेवटी त्या सकाळी त्या वर्गात घड्याळाकडे बघणाऱ्या माणसाच्या हातात असते.

महाराष्ट्रानं या प्रश्नाच्या एका भागात देशाला वाट दाखवली, हेही नोंदवलं पाहिजे. १९९५ च्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेख नसताना १९९६ पासून महाराष्ट्र शासनानं अशा मुलांना सोयी द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणीचे विभाग चालू झाले, आणि 'एलडीचा दाखला' हा शब्द मुंबईच्या पालकांच्या तोंडी रुळला. शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, अर्धा तास वाढीव, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित, असं त्या सोयींचं स्वरूप होतं. डिसेंबर २००७ मध्ये 'तारे जमीन पर' आला. अमोल गुप्ते यांच्या पटकथेनं डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत नेला. पोरगं 'ढ' नसतं, त्याला अक्षरं नाचताना दिसत असतील, एवढं तरी लोकांना कळलं.

या जुन्या सोयींतली एक गोष्ट मात्र नीट तपासून घ्यावी. वेळ वाढवून देणं आणि विषय सोडवून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळ वाढवली तर मूल तोच पेपर सोडवतं. विषय सोडला तर त्या क्षणी सुटका होते, पण पुढचं दारही बंद होतं. दहावीला खालच्या इयत्तेचं गणित घेतलेल्या मुलाला अकरावीला विज्ञानाकडे जाता येत नाही. अंध मुलांच्या बाबतीत तर गणित सोडणं हा कित्येक वर्षं जणू रिवाजच होता. बोटांनी वाचता येईल अशी आकृती नाही, शिकवणारा नाही, मग विषयच नको. मुलाला गणित जमत नाही की गणिताचा कागद त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हे आधी ठरवावं आणि मगच सूट मागावी. केंद्रीय मंडळ चित्र किंवा आकृतीवरच्या प्रश्नाऐवजी दृष्टिहीनांना पर्यायी प्रश्न देतं. ही वाट जास्त बरी, कारण तिच्यात विषय शाबूत राहतो.

आता लेखनिकाकडे येऊ, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

२०१८ च्या सूचनांनुसार उमेदवार स्वतःचा लेखनिक आणत असेल तर त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली हवं होतं. हेतू उघड आहे: लिहिणाऱ्यानं उत्तर सांगू नये. व्यवहारात याचा अर्थ असा की दहावीच्या मुलाला नववीचा लेखनिक हवा. पण दहावीचे पेपर ज्या दिवसांत असतात, त्याच दिवसांत नववीचीही वार्षिक परीक्षा तोंडावर असते. आपल्या पोरीचा अभ्यास बुडवून सहा-सात दिवस तीन-चार तास दुसऱ्याच्या पेपरला कोण पाठवणार?

आमच्या गल्लीतल्या एका मुलासाठी अखेर शेजारची नववीतली मुलगी तयार झाली. मुलाला सेरेब्रल पाल्सी. बोलणं जरा अडखळत, डोकं मात्र तल्लख. गणिताचा पेपर देऊन ती आली आणि माझ्यापाशी बसून रडली. "काकू, त्याला सगळं येत होतं. मलाच लिहिता येत नव्हतं." काय झालं विचारलं, तर त्रिकोणमिती. ती दहावीत सुरू होते. पोरीनं 'थीटा' हे चिन्ह जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं सांगितलं, "साइन थीटा लिही." तिनं अक्षरांत लिहिलं. मग तो म्हणाला, "शून्य काढ. उभट. आता त्याच्या पोटातून आडवी रेघ." अशी एकेक खूण तो चित्र सांगावं तशी सांगत गेला. कंस कुठे उघडतो, कुठे मिटतो, वर्गमुळाचं छप्पर किती अक्षरांवर ओढायचं, छेदाची रेघ किती लांब. काटकोन त्रिकोण त्यानं तोंडी काढवून घेतला. वाढीव तास मिळाला होता, पण तो तास थीटा शिकवण्यात गेला.

वीस मिनिटं कशाची भरपाई करतात, हे त्या दिवशी मला कळलं. सांगणारा सांगतो, लिहिणारा ऐकतो, चुकीचं ऐकतो, वाचून दाखवतो, खोडतो, पुन्हा लिहितो. आपण लिहिताना डोकं आणि हात यांच्यात काही अंतर नसतं. इथं मध्ये दुसरा माणूस असतो. इतिहासाच्या पेपरला हे अंतर थोडं, गणिताला फार, आणि संस्कृतला विचारूच नका.

म्हणून नियमात असलेली एक साधी तरतूद मला फार मोलाची वाटते: उमेदवाराला परीक्षेच्या दोन दिवस आधी लेखनिकाची भेट मिळाली पाहिजे, आणि वेगवेगळ्या पेपरांना वेगवेगळा लेखनिक घेता आला पाहिजे. दोन दिवसांचं महत्त्व जुन्या काळीही कुणाला कळलं होतं. १८९९ मध्ये हेलन केलर रॅडक्लिफ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होत्या. दोन दिवस आधी बीजगणिताचा एक जुना पेपर ब्रेलमध्ये हाती आला, तेव्हा त्यांना कळलं की यातल्या गणिती खुणा आपण शिकलो त्या नाहीतच. ब्रेलच दुसऱ्या पद्धतीचं आहे. त्या दोन दिवसांत त्यांनी नव्या खुणा शिकायची धडपड केली. तो पेपर आधी हाती आला नसता तर खुणांची पहिली ओळख परीक्षेच्या टेबलावरच झाली असती. आमच्या गल्लीतल्या पोरीला कुणी दोन दिवस आधी थीटा दाखवला असता, तर तिचं रडणंही टळलं असतं.

लेखनिकाशी वेग जुळला तर काय होतं, याचं उदाहरण उल्हासनगरच्या प्रांजल पाटील. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आणि पुढे जेएनयूत शिकल्या, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अभ्यास केला. नागरी सेवेत पहिल्यांदा ७७३ वा क्रमांक आला. दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेनं घेतलं नाही. पुढच्या परीक्षेत १२४ वा क्रमांक काढून त्या आयएएस झाल्या. लेखनिकामुळे त्यांचं यश सोपं झालं असं म्हणणाऱ्यानं एकदा डोळे मिटून चार तास निबंध तोंडी सांगून बघावा.

२०२५ मध्ये केंद्रानं सूचना पुन्हा सुधारल्या. उमेदवारानं लेखनिक शोधत हिंडण्यापेक्षा परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच प्रशिक्षित लेखनिकांची यादी ठेवावी, असा त्यांचा रोख आहे. दिशा योग्य आहे. पण मोठ्या शहरांत यादी होईल आणि सुपेल्यासारख्या ठिकाणी 'तुमचाही चालणार नाही, आमच्याकडेही नाही' अशी गत व्हायला नको. संगणकानं यातलं बरंच ओझं उचलावं, हे खरं. एनव्हीडीए हे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, हिंदी-मराठीतही बोलतं. मूल आठवीपासून त्यावर रुळलं, तर दहावीला लेखनिकाची गरजच निम्मी होईल.

सुपेल्यातल्या मराठी मुलाची आणखी एक गुंतागुंत आहे, ती भाषेची. घरी मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. असं मूल वाचनात मागे पडलं की 'घरी मराठी बोलता ना, म्हणून' असं शाळा म्हणते, आणि दोन-तीन वर्षं त्यातच जातात. शिवाय आपल्याकडे डिस्लेक्सिया म्हटलं की लोकांना इंग्रजी 'बी' आणि 'डी'ची अदलाबदल आठवते. देवनागरीत अडचण वेगळ्या जागी दिसते. पहिली वेलांटी अक्षराआधी दिसते पण उच्चारायची नंतर. 'र' तर बहुरूपीच: 'कर्म'मध्ये डोक्यावर, 'क्रम'मध्ये पायाशी, 'ट्रक'मध्ये काकपदासारखा, आणि मराठीत 'वाऱ्या'तला आणखी निराळा. तिसरीचं मूल जोडाक्षराशी दररोज अडत असेल, बोलण्यात हुशार असून वाचताना गप्प होत असेल, तर भाषेवर ढकलून चालणार नाही. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार या अक्षमतेचा दाखला आठव्या वर्षापासून मिळतो, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. आठवं वर्ष म्हणजे तिसरी. आपल्याकडे पालक जागे होतात नववीत, बोर्डाचा फॉर्म भरताना.

दाखल्यासाठी सुपेल्याहून दुर्गला जावं लागतं. १ जून २०२१ पासून अपंगत्वाचा दाखला 'स्वावलंबन' पोर्टलवरूनच, यूडीआयडी क्रमांकासह द्यायचा आहे. हा दाखला देशभर चालतो. दुर्गला काढलेला नागपूरला चालतो आणि नागपूरचा भिलाईला. बदलीच्या नोकऱ्या करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. 'आमच्या राज्याचा नाही' असं सांगून परत पाठवणं नियमात बसत नाही.

आता आक्षेप. खोटे दाखले निघतात, हा पहिला. निघतात, हे खरं. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रकरणानं देश ढवळून निघाला. अमेरिकेतही २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत पालकांनी वाढीव वेळेसाठी अक्षमतेचे दाखले मिळवल्याचं निघालं. पण दोन्हीकडे चोरी केली ती ज्यांना गरज नव्हती त्यांनी, आणि कडक नियम सोसतात ते ज्यांना गरज आहे ते. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगढमध्ये सुमारे ६ लाख २५ हजार आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. काही लबाडांसाठी या सगळ्यांना संशयाच्या रांगेत उभं करणं न्यायाचं नाही. तपासणी दाखला देताना कडक असावी. परीक्षेच्या दारात नव्यानं झडती नको.

दुसरा आक्षेप: इतरांवर अन्याय होतो. इथं प्रत्येक परीक्षेनं स्वतःला विचारावं की आपण काय मोजतो आहोत. टंकलेखनाच्या परीक्षेत वेग हाच विषय आहे. प्लासीच्या लढाईची कारणं लिहिण्यात तो नाही. ब्रिटनमध्ये शालेय परीक्षांना पाव पट वेळ वाढवून देणं ही नेहमीची बाब आहे. अमेरिकेत गेलेल्या आपल्या कुटुंबांना '५०४ प्लॅन' हा शब्द तोंडपाठ असतो. तिथं शाळा आणि पालक वर्षाच्या सुरुवातीलाच बसून मुलाला काय लागेल ते लिहून काढतात. आपल्याला उचलायचं असेल तर हे उचलावं: आधी बसणं, आणि लिहून घेणं.

कारण वरचे तिन्ही अनुभव, मुंबईचा खटला आणि कायद्याचा तीस वर्षांचा प्रवास हे सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं. हक्क कागदावर पुरेसा आहे. तो शेवटच्या आठवड्यात तोंडी मागितला की सवलत होतो. सहा महिने आधी लेखी घेतला की हक्क राहतो. म्हणून नववीच्या सुरुवातीला दाखला हातात हवा. शाळेच्या घटक चाचणीपासून लेखनिक आणि वाढीव वेळ वापरायला हवा, म्हणजे सराव होतो आणि शाळेकडे नोंदही राहते. बोर्डाच्या फॉर्ममध्ये प्रकार नीट भरावा. मंजुरीचं पत्र केंद्रावर जातं यावर विसंबू नये. त्याची प्रत हॉल तिकिटाबरोबर ठेवावी आणि आदल्या दिवशी केंद्रसंचालकांना भेटून ती दाखवावी. खोली तळमजल्यावर आहे का, वेगळी आहे का, पेपर किती वाजता संपणार हे विचारून घ्यावं, आणि तो आकडा पर्यवेक्षकाच्या कागदावर लिहिला गेला आहे ना, हे डोळ्यांनी पाहावं.

आणि ज्यांच्या घरात असं मूल नाही, त्यांच्यासाठी एक विनंती. तुमची मुलगी नववीत असेल, मुलगा अकरावीत असेल, तर जानेवारीत जवळच्या शाळेत जाऊन त्यांचं नाव लेखनिक म्हणून देऊन या. सहा पेपर, दिवसाचे चार तास. जाण्याआधी त्यांना थीटा तेवढा काढायला शिकवा.